चाकाच्या ठशातले सिंह

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं आणि माझ्यासारख्या टी-शर्ट छापणाऱ्यांचे फोन त्याच रात्री खणखणायला लागले. गणपती १९ सप्टेंबरला. गल्लोगल्ली चांद्रयानाचे देखावे ठरत होते आणि कार्यकर्त्यांना टी-शर्टही त्याच विषयाचे हवे होते. त्यातल्या एका मंडळाचं काम अजून डोक्यातून जात नाही.

मंडळाचा मुलगा मोबाइलवर चित्र घेऊन आला. खाली तिरंगा, वर बुटाचा ठसा. तो ठसा अमेरिकेच्या अपोलो ११ चा, १९६९ सालचा, ऑल्ड्रिन यांच्या बुटाचा! लोक शोधून पहिलं दिसेल ते चित्र उचलतात. नासाचे फोटो बहुतेक मोकळे असतात, पण त्यांचं बोधचिन्ह विकायच्या मालावर टाकायला परवानगी लागते, हे सांगितलं तरी कुणाला पटत नाही. शेवटी बुटाऐवजी विक्रममधून उतरलेल्या प्रज्ञान रोव्हरच्या चाकाचा ठसा घ्यायचं ठरलं.

टी-शर्ट त्यांनीच आणले होते, नेव्ही ब्लू ड्राय-फिट, पूर्ण पॉलिस्टर. मिरवणुकीत घाम लवकर वाळतो हे खरं, पण गडद पॉलिस्टरवर पांढरी शाई टिकवणं अवघड. कापडातला रंग उष्णतेनं सुटून शाईत चढतो. भट्टीतून निघताना छपाई शुभ्र दिसते आणि एक-दोन दिवसांत निळसर पडते, तोवर माल वाटून झालेला असतो. म्हणून १६० अंशांना पक्की होणारी नेहमीची प्लास्टिसॉल शाई बाजूला ठेवायची आणि १३५ अंशांच्या आसपास पक्की होणारी, कापडाचा रंग कमी ओढणारी लो-ब्लीड शाई घ्यायची. तिच्याखाली रंग अडवणाऱ्या करड्या शाईचा थर.

हा करडा थर एरवी पांढऱ्याखाली पूर्ण झाकायचा असतो. इथे विषयच चंद्राचा, त्यामुळे तो उघडा ठेवला. चंद्रावरचे डाग करड्याचे, उजेडातल्या कडा वरच्या पांढऱ्या हाफटोनच्या, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांच्या, आणि विवरांतल्या सावल्या कापडाच्याच. काळी शाई लागलीच नाही. पांढऱ्याला ४५ लाइनचा हाफटोन, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या ४५ रांगा, कोन साडेबावीस अंश, छपाईच्या स्क्रीनची जाळी इंचाला साधारण २३० धाग्यांची. कोन चुकला की जाळीची आणि ठिपक्यांची नक्षी एकमेकींत मिसळून चंद्रावर पट्टे उठतात. पाच टक्क्यांहून कमी जागा व्यापणारे बारीक ठिपके स्क्रीनवर टिकत नाहीत, ते फिल्म काढण्याआधीच उडवायचे. त्यात पावसाळा. जाळीवर लावलेलं इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, वरून कोरडं वाटतं, आत ओल राहते आणि उजेड देऊन धुतलं की बारीक ठिपके पाण्याबरोबर जातात. स्क्रीन बंद कपाटात हीटर लावून वाळवल्याशिवाय हे काम होत नाही. नमुना हातात आला तेव्हा विवरांच्या कडा बोटाला नाही, पण डोळ्याला उंच वाटत होत्या.

नमुना बघून मुलगा म्हणाला, “दादा, चाकाच्या ठशात सिंह कुठंयत?”

प्रज्ञानच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह कोरलेलं होतं, माती दाबली जाईल तिथे त्यांचा ठसा उमटावा म्हणून. त्याला तेच छातीवर हवं होतं. मी नाही म्हटलं. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय ती धंद्यात वापरली तर कैद आणि दंडाची शिक्षा होऊ शकते. तो म्हणाला, “सरकारनंच चंद्रावर उमटवलंय ना? मग आपण टी-शर्टवर का नाही?”

कलम सांगून मी विषय मिटवला आणि चाकाच्या नुसत्या दातऱ्यांच्या दोन रांगा छापून दिल्या. पण त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला चिन्ह मिरवायचं नव्हतं, अभिमान मिरवायचा होता. या धंद्यातल्या कितीतरी जणांना हा कायदा माहीतच नाही. दुसऱ्या कुणी दहा मिनिटांत डीटीएफचं, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं चिकटवायचं, स्टिकर काढून सिंह चिकटवून दिले असते आणि त्याला चंद्रावरचा ठसा आणि टी-शर्टवरची छपाई यांतला फरक कुणी समजावला नसता.

मला आता जे उत्तर सुचतं ते कायद्याच्या पुस्तकातलं नाही. टी-शर्ट विटला की घरात त्याचं फडकं होतं. त्यानं फरशी पुसतात, गाडीची साखळी पुसतात. आपण जे छापतो ते सगळं तिथवर जाणार, हे धरूनच छापायचं. चंद्राचा गोळा तिथवर गेला तर चालेल, सिंह नको. मंडळाचं पुढचं काम घेऊन तो आला की हे त्याला सांगायचंय. त्याला पटेलच असं नाही, तो आणखी काहीतरी विचारेल.