४० टीबीची टेप

भरती-ओहोटीच्या मॉडेलमधून समुद्रतळाचं घर्षण काढायचं होतं. ग्रिडचे बिंदू १० लाख, म्हणजे अज्ञात आकडेही १० लाख. एकेक आकडा किंचित हलवून फरक बघायचा तर मॉडेल १० लाख वेळा चालवा. ऑटोमॅटिक डिफरन्सिएशनच्या रिव्हर्स मोडमध्ये, म्हणजे उत्तराकडून मागे येत हिशोब केला, तर सगळा ग्रेडियंट (कुठला आकडा हलवल्यावर उत्तर किती बदलतं, त्याची यादी) एकाच उलट्या फेरीत हाती येतो, पण त्यासाठी सरळ फेरीतली प्रत्येक आकडेमोड 'टेप'वर, म्हणजे मेमरीतल्या नोंदवहीत, जपून ठेवावी लागते. एका टाइम-स्टेपची टेप ४ जीबी, स्टेप्स १०,०००. सर्व्हरची रॅम २५६ जीबी! स्टेप्सनी साठी गाठली की प्रोसेस आडवी.

मॅनेजर म्हणाले, "डिस्क घेऊन टाकू की." सेकंदाला २ जीबी वेग धरला तरी एका स्टेपची टेप लिहून परत वाचायला ४ सेकंद. तीच स्टेप नुसती पुन्हा चालवायला ०.३ सेकंद. कशाला साठवायचं?

ग्रीवांक आणि वाल्टर यांचा 'रिव्हॉल्व्ह' अल्गोरिदम २००० सालचा, आम्ही तोच बसवला. मॉडेलच्या स्थितीचे स्नॅपशॉट (म्हणजेच चेकपॉइंट) २० ठेवा, मधल्या स्टेप्स तिथून पुन्हा चालवा, कुठलीही स्टेप जास्तीत जास्त ४ वेळा साधी चालवा (टेपची खेप वेगळी), की २४ पैकी ४ निवडण्याचे जितके प्रकार तितक्या स्टेप्स भागतात: १०,६२६. मला अजूनही हे थोडं जादूसारखंच वाटतं. पाण्याची उंची आणि दोन वेग मिळून एक स्नॅपशॉट २४ एमबी. टेप एका वेळी एकाच स्टेपची.

प्रोग्रॅम सुरळीत चालला. ग्रेडियंट मात्र पडताळणीत पहिल्या तीन आकड्यांपुढे जुळेना! "सर, तीन जुळतायत, चालेल ना?" आमची ज्युनियर म्हणाली. सगळंच चुकलं असतं तर परवडलं असतं. असं जवळजवळ बरोबर उत्तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग तिनेच ५० स्टेप्सचं छोटं उदाहरण घेतलं, म्हणजे अख्खी टेप रॅममध्ये मावते. चेकपॉइंटशिवाय उत्तर चोख. चेकपॉइंट लावून स्टेपागणिक आकडे छापले, तर फरक दर वेळी स्नॅपशॉट परत उचलल्यानंतरच्या पहिल्याच स्टेपला. मॉडेल अ‍ॅडम्स-बॅशफोर्थ पद्धतीचं, त्याला आधीच्या स्टेपचे बदलाचे दरही लागतात. ते स्नॅपशॉटमध्ये नव्हतेच. जुन्या कोडमधलं रीस्टार्टचं फंक्शन ते सापडले नाहीत की गुपचूप ऑयलरच्या साध्या पद्धतीची (जिला मागचे दर लागत नाहीत) एक स्टेप मारून पुढे जायचं. ना एरर, ना वॉर्निंग.

तीन अ‍ॅरे वाढवले. स्नॅपशॉट ४८ एमबी, वीस मिळून जेमतेम १ जीबी. सहा-सात तासांत पूर्ण ग्रेडियंट, मेमरी ५ जीबीच्या आसपास. डिस्कचं कोटेशन तोवर येऊन पडलं होतं. मॅनेजरांनी ते बॅकअपच्या खात्यात वळवलं.