तुम्ही विचारलंत म्हणून : आधी एडिटर बदलावा की बिल्ड?

अँड्रॉइडवर काम करणारे अनेक जण मला विचारतात, की कामाचे साधन बदलायचे ठरले तर सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर असे, की एडिटर (कोड लिहिण्याचे साधन) आणि बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याची पद्धत) एकाच वेळी बदलू नयेत. आधी बिल्ड बदलावे, ते स्थिरावू द्यावे आणि मगच एडिटरकडे वळावे.

हे मत एक्लिप्स या जुन्या एडिटरच्या काळात तयार झाले. गूगलने मे २०१३ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ हा नवा एडिटर जाहीर केला, डिसेंबर २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि जून २०१५ मध्ये सांगण्यात आले, की एक्लिप्समध्ये अँड्रॉइडची सोय करणाऱ्या एडीटी प्लगिनला आणि अँट या जुन्या साधनावरील बिल्डला वर्षअखेरीनंतर अधिकृत आधार राहणार नाही. त्यामुळे पुष्कळांनी स्टुडिओ उघडून जुना प्रकल्प आयात केला. फाइल्सच्या जागा, लायब्रऱ्या (आयत्या कोडचे संच) आणि बिल्डची पद्धत असे सगळेच एका झटक्यात बदलले आणि ॲप बंद पडले की दोष नेमका कशाचा हे कळेनासे झाले.

वास्तविक ग्रेडलला, म्हणजे स्टुडिओ वापरत असलेल्या बिल्डच्या साधनाला, फाइल्सची जुनी मांडणी चालते. मॅनिफेस्ट (ॲपची माहिती आणि परवानग्या सांगणारी फाइल) प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्येच आहे आणि जावाचा कोड थेट एसआरसी फोल्डरमध्ये आहे, एवढे ग्रेडलच्या फाइलमधील सोर्ससेट्स या भागात लिहिले, की एकही फाइल न हलवता टर्मिनलवरून बिल्ड करता येते आणि तोच प्रकल्प एक्लिप्समध्येही उघडत राहतो. दोन्हींकडून निघालेल्या एपीके (ॲपच्या तयार फाइल्स) शेजारी ठेवून तपासाव्यात. ॲप्लिकेशन आयडी तोच हवा, कारण प्ले स्टोअर ॲपला त्यावरूनच ओळखते. ॲपवरील डिजिटल सही त्याच किल्लीने झालेली हवी, नाहीतर जुन्या ॲपवर नवे बसत नाही. आणि ॲपची व लायब्रऱ्यांची मॅनिफेस्ट एकत्र होऊन बनलेल्या मॅनिफेस्टमध्ये एखाद्या लायब्ररीने न मागितलेली परवानगी घुसवली आहे का, तेही पाहावे. हे जुळले म्हणजे एडिटर कोणता घ्यायचा हा केवळ आवडीचा आणि यंत्रातल्या रॅमचा प्रश्न उरतो. (जुन्या लॅपटॉपवर ग्रेडलचे पहिले बिल्ड पाहिलेल्याला रॅमचा उल्लेख खटकणार नाही.)

पुढच्या बदलांनाही मी हाच नियम लावतो. ग्रेडल, त्याचे अँड्रॉइड प्लगिन आणि जेडीके (जावाचा साधनसंच) यांच्या आवृत्त्या एकमेकींत अडकलेल्या असतात, प्लगिनच्या ७.० आवृत्तीला जेडीके ११ लागतो, ८.० ला जेडीके १७ लागतो आणि शिवाय नेमस्पेस (ॲपच्या कोडचे पॅकेज-नाव) मॅनिफेस्टऐवजी बिल्डच्या फाइलमध्ये लिहावी लागते. म्हणून प्रत्येक पायरी स्वतंत्र कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातील वेगळ्या नोंदीत) घ्यावी. ग्रूव्ही भाषेतल्या बिल्ड फाइल्स कोटलिन भाषेत आणण्याची घाई मात्र मला अनाठायी वाटते. २०२३ पासून स्टुडिओतले नवे प्रकल्प आपोआप कोटलिनमधल्या बिल्ड फाइल्सनीच सुरू होतात हे खरे, पण जुन्या फाइल्स अजून व्यवस्थित चालतात.

बदल टाळत राहणेही फार काळ परवडत नाही, कारण प्ले स्टोअर टार्गेट एपीआयची (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवले ते सांगणाऱ्या क्रमांकाची) किमान पातळी वेळोवेळी वाढवते आणि नव्या एसडीकेसाठी (अँड्रॉइडच्या साधनसंचासाठी) नवे प्लगिन घ्यावेच लागते. ज्या ॲपची पुढची आवृत्ती निघणारच नाही, त्याला हात लावू नका. त्याची सहीची किल्ली असलेली कीस्टोअर फाइल, तिचे पासवर्ड आणि शेवटचे बिल्ड कोणत्या जेडीकेवर झाले याची नोंद तेवढी जपून ठेवा, कारण प्रकल्पासोबत असलेल्या ग्रेडल रॅपरच्या फाइलीत ग्रेडलची आवृत्ती असते, जेडीकेची नसते.