शेंगदाण्याच्या पेंडीला बंदी

नेदरलँड्समधल्या आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे आणि तो कळल्यापासून मला स्वस्थता नाही. ज्या घटकाचे रासायनिक स्वरूप नेमके लिहून देता येत नाही, तो बुरशी वाढवण्याच्या माध्यमात, म्हणजे तिच्या खाद्यात, घालायचा नाही. म्हणजे गव्हाचा कोंडा नाही, शेंगदाण्याची पेंड नाही, कॉर्न स्टीप लिकर (मका भिजवून उरलेले दाट पाणी) हेही नाही. पुण्यात ज्यांनी शेकरवर (फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर) बुरशीचे फ्लास्क चढवले आहेत, त्यांना या नियमाने काय काढून घेतले ते वेगळे सांगायला नको.

म्युकर सर्सिनेलॉइडिस या बुरशीकडून मला लायपेज (मेद फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) आणि गॅमा-लिनोलेनिक आम्ल (बुरशीच्या मेदातले एक असंतृप्त मेदाम्ल) दोन्ही हवे आहे. या बुरशीच्या तेलाचे 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये व्यापारी उत्पादनही झाले होते. अडचण अशी की दोघांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. लायपेज हे प्रथिन असल्यामुळे त्यासाठी नत्र लागतो, समोर थोडे तेल असले तर ते अधिक तयार होते आणि ग्लुकोज मुबलक असेल तर त्याची निर्मिती दबते. मेदाचे याच्या उलट आहे: नत्र संपून साखर शिल्लक राहिली, तरच मायटोकाँड्रियात सायट्रेट साचते, ते बाहेर पडून फुटते आणि त्यातून मिळणाऱ्या असेटिल-कोए या कच्च्या मालापासून बुरशी मेद साठवू लागते. त्यात तापमान 28 अंशांवरून 20 वर आणले की वाढ मंदावते, पण असंतृप्त मेदाम्लांचा वाटा साधारणपणे वाढतो. पेंड या ओढाताणीत फार उपयोगी पडते, कारण तिच्यातील प्रथिनांचा नत्र हळूहळू सुटतो आणि उरलेले तेल लायपेजला चालना देते.

आमच्या मार्गदर्शक बाईंचा आक्षेप असा की, पेंडीतले तेल बुरशीच्या पेशींत शिरले, तर गॅस क्रोमॅटोग्राफवर (मेदाम्ले वेगळी करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसणारे ओलेइक आणि लिनोलेइक आम्ल बुरशीचे की शेंगदाण्याचे, हे कशावरून ठरवायचे? शिवाय घाण्याच्या पेंडीत तेल बरेच राहते, सॉल्व्हंटने काढलेल्या पेंडीत जेमतेम, त्यामुळे एका पोत्याचा निकाल दुसऱ्याला लागू पडत नाही. एकूण मेदाच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परंतु शेंगदाण्याच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल नसतेच. त्याचे शिखर आलेखावर उमटले, तर लिनोलेइक आम्ल पेंडीतून आयते मिळालेले असले तरी त्यात तिसरा दुहेरी बंध घालण्याचे काम बुरशीच्याच विकराने केलेले असते. एवढ्या पुराव्यानंतरही पेंड सरसकट वर्ज्य का ठरावी, हे मला अजून पटलेले नाही.

इथल्या प्रयोगांच्या आखणीचे मात्र मनापासून कौतुक वाटते. एका वेळी एकच घटक बदलण्याची पद्धत इथे कोणी वापरत नाही. आधी 1946 च्या प्लॅकेट-बर्मन या संख्याशास्त्रीय आराखड्याने महत्त्वाचे घटक निवडायचे आणि मग 1960 च्या बॉक्स-बेनकेन आराखड्याने त्यांचे परस्परसंबंध तपासायचे, हा शिरस्ता आहे. कमी तापमानाला नत्राचे जे प्रमाण योग्य ठरते, ते 28 अंशांना योग्य ठरेलच असे नाही, आणि घटक सुटे सुटे बदलून हे कधीच कळत नाही. अर्थात हे आराखडे पुण्यातही वापरले जातात, आणि उत्रेख्तच्या 1904 पासूनच्या बुरशी-संग्रहाचे इथे जेवढे नाव निघते, तेवढे पुण्यातल्या पाषाणच्या एनसीएलमधील (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील) 1951 च्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाचे किंवा पुण्याच्याच आघारकर संस्थेतील बुरशी-संग्रहाचे निघत नाही, याची खंत वाटते.

आता तडजोड झाली आहे. पेंडीच्या प्रत्येक पोत्याचा नत्र केल्डाल पद्धतीने मोजायचा, तेल हेक्झेन या सॉल्व्हंटने पूर्ण काढायचे आणि मग ते मोजून मापून परत घालायचे, म्हणजे तेल हाही आराखड्यातला एक घटक होईल. मेदाम्लांसाठी ही शिस्त मी आनंदाने पाळेन. मात्र केवळ विकर हवे असेल, तर ओलसर कोंड्यावरचे घन-माध्यम संवर्धनच मी निवडेन, कारण तिथे बुरशीला तिच्या सवयीचा पृष्ठभाग मिळतो आणि कोंडा स्वस्त पडतो. जपानमध्ये कोजीसाठी (साके, मिसो यांच्या विरजणासाठी) अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी शतकानुशतके वाफवलेल्या तांदळावर वाढवली जाते, आणि त्या तांदळाचे रासायनिक सूत्र आजवर कोणी मागितलेले नाही.