शेवटची बस किती वाजता?

"तुमच्या तिकडच्या पोरांना बारावीनंतर मोठं काही करावंसं वाटत नाही का?" मी नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवतो, त्यामुळे नागपुरात कुठल्याही लग्नात हा प्रश्न मला विचारला जातोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

वाटतं. खूप वाटतं. पण निकालानंतर माझ्याकडे येणारे पोट्टे-पोट्टी विषयाचं नंतर विचारतात. आधी विचारतात, "सर, तिथून शेवटची बस किती वाजता हाय?"

गेल्या वर्षी एका मुलीला बीएस्सी करायची होती. गुणही होते. पण प्रॅक्टिकल संपायच्या आत तिच्या गावाची शेवटची गाडी निघून जाते आणि फाट्यापासून घर तीन किलोमीटर. वडील म्हणाले, "शिकवा म्हनता तं शिकवतो, पन अंधारात तिले आनाले कोन जाईन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं बीए घेतलं, कारण त्याला रोज जावं लागत नाही. मिरचीच्या हंगामात ती आईबरोबर सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या साफ करायच्या जागी, देठ तोडायला जाते. याला कोणी तिची 'आवड' म्हटलं की मला राग येतो.

जिल्हा एकच, पण काटोल-नरखेडच्या मुलाला नागपूरला यायला रेल्वे आहे, आणि घरी संत्र्याची बाग असेल तर बहार साधल्यावर शहरात खोलीही करता येते. बुटीबोरीचा मुलगा लहानपणापासून कंपन्यांची गेटं बघतो, आयटीआयला फिटर घेतो. देवलापारकडच्याला पेंचचं जंगल आहे, तो वनरक्षकाच्या भरतीची वाट बघतो. आमच्याकडे नागपूर-नागभीड ही छोटी, नॅरोगेजची गाडी होती. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये तीही थांबली.

त्यात गोसेखुर्द. १९८८ मध्ये धरणाची पायाभरणी झाली, पुढे वैनगंगेकाठची शेतं बुडिताखाली गेली, गावं उठली. पुनर्वसनातल्या मुलाला 'शेती कर' असंही सांगता येत नाही. त्याच्या हाती आहे प्रकल्पग्रस्ताचा दाखला. सरकारी नोकरीत त्यावर पाच टक्के समांतर आरक्षण मिळतं. म्हणून पहाटे पाचला आमच्या डांबरी रस्त्यावर पोट्टे पोलीस भरतीचे सोळाशे मीटर धावताना दिसतात. त्या तयारीला ना बस लागते, ना वसतिगृह. गावातला रस्ता पुरतो. सगळ्यांनाच खाकीचं वेड आहे असं तुम्हाला वाटतं. मी त्यांच्या वह्या तपासल्या आहेत. त्यांतल्या एकाची भूमितीची प्रमेयं इतकी सुरेख असायची की मी ती वर्गाला दाखवायचो.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञानाला आहे. संध्याकाळी परतीसाठी पाच मुलींमध्ये एक ऑटो लावता येईल का, म्हणून मी घरोघरी फिरतोय. चार घरं तयार झाली आहेत. पाचव्या घरी रविवारी परत जाणार आहे.