सेट झालं का?

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या शब्दाला, असं विचारलं की लोक लांबलचक शब्द आठवायला लागतात, आणि उत्तर निघतं एकदम चिल्लर : सेट. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, आणि सगळी नोंद मिळून साठ हजार शब्दांची, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच झाली की. पुढे डिक्शनरी सुधारायला घेतली तेव्हा आधी 'मेक', मग 'पुट' आणि २०११ मध्ये 'रन' असे एकेक करून त्याच्या पुढे गेले. 'रन'चे म्हणे ६४५ अर्थ. असतील. आपल्याला रन म्हटलं की क्रिकेटच्या पलीकडे फारसं काही आठवत नाही, त्यामुळे मराठीत सेटच्या गादीला अजून तरी धक्का नाही.

शाळेत हा शब्द लाडका होता तो वेगळ्या कारणाने. गो-वेन्ट-गॉन असल्या भानगडी पाठ करताना मध्येच पुट-पुट-पुट, कट-कट-कट, सेट-सेट-सेट यायचं आणि वर्गाला जोर चढायचा, तेवढंच एक सगळ्यांना येत असल्यासारखं.

गंमत म्हणजे हा एक शब्द नाहीच मुळी. ठेवणे, बसवणे, घट्ट होणे हा सेट जुन्या इंग्रजीतला, 'सिट'चा सख्खा भाऊ. आणि डिनर सेटमधला सेट आला फ्रेंचमधून, मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे अनुयायी, पंथ. हे वाचल्यापासून शोकेसमधल्या सहा कपबशांकडे मी जरा आदराने बघते. पंथच तो. बाहेरचा कप आत घेत नाहीत, आणि एक फुटला की उरलेले पाच जन्मभर सुतकात, पाहुण्यांसमोर यायचेच नाहीत.

स्वयंपाकघरात सेट आला तो बहुतेक यूट्यूबवरून. आमच्याकडे दही लागायचं, वड्या पडायच्या. आता दही सेट होतं, वड्या सेट होतात, पुडिंग तर फ्रीजमध्ये चार तास सेट व्हायला ठेवायचं असतं आणि तोवर दर अर्ध्या तासाने कुणीतरी बोट लावून बघतं. हॉटेलातला सेट दोसा मात्र यातला नाही, तो मऊ जाळीदार दोसा दोनतीनच्या जोडीने येतो म्हणून सेट, म्हणजे तोही पंथवालाच.

बांधकामावर जा, तिथे सिमेंट सेट होतं. त्याला चक्क नियम आहे : साध्या सिमेंटने पहिल्या तीस मिनिटांत सेट व्हायला सुरुवात करायची नाही, म्हणजे गवंड्याला हात चालवायला वेळ मिळतो, आणि सहाशे मिनिटांच्या आत पूर्ण सेट व्हायचंच. पण सेट झालं म्हणजे ताकद आली असं नाही, ती भरायला पुढे कितीतरी दिवस पाणी मारत बसायचं आणि खरी परीक्षा अठ्ठाविसाव्या दिवशी. (स्लॅबखाली ठोकतात ते सेंट्रिंग, त्याला सगळे सेंटिंग म्हणतात, ते वेगळं. त्यातला र कुठे गळतो देव जाणे.)

परीक्षेवरून आठवलं, प्राध्यापक व्हायचं तर महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट. ती पास होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी आहेत. त्यांना लग्नकार्यात कुणी विचारतं, "मग, झालास का सेट?" बिचारा काय सांगणार, सेट झालोय पण सेट नाही झालो.

टेनिसचा सेटही असाच कधीकधी संपता संपत नाही. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांची मॅच तीन दिवस चालली, शेवटचा सेट ७०-६८. नंतर विम्बल्डनवाल्यांनी शेवटच्या सेटलाही टायब्रेक आणला, बरं केलं.

पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते आपलं व्याकरण. इंग्रज माणूस सेट करतो : गजर सेट करतो, टेबल सेट करतो, रेकॉर्ड सेट करतो. आपल्याकडे सेट बहुतेक वेळा आपोआप *होतं*. पोरगा पुण्यात सेट झाला. नवी सून घरात सेट झाली. दात बसवले, आठ दिवसांत सेट होतील. कुणी काही केलेलं नाही, वेळेने केलं, नशिबाने केलं. (झोपून पोरगा सेट होत नाही हे त्याच्या आईला विचारा, पण वाक्यात तिला जागा नाही.)

आणि जिथे कुणीतरी मुद्दाम काही केलंय असा वास येतो तिथे लगेच शब्दाला शेपूट फुटतं, सेटिंग! टेंडर कसं मिळालं? सेटिंग. त्याच्या मुलाचं नाव यादीत कसं? सेटिंग असणार. कॉलेजात दोघं कॅन्टीनमध्ये एका टेबलावर दोनदा दिसली की तेच. काम झालं तर 'सेट झालं', दुसऱ्याचं झालं तर 'सेटिंग केलं', फरक एवढाच. बरं, सेटिंग असल्याचा पुरावा कुणाकडेच नसतो, खात्री मात्र सगळ्यांना असते.

यातून निर्दोष सुटलेलं सेटिंग एकच, मोबाईलचं. त्यामुळे आमच्या सोसायटीतले एक आजोबा संध्याकाळी भर कट्ट्यावर कॉलेजच्या पोरांना हाक मारून खुशाल विचारतात, "अरे, माझं सेटिंग बिघडलंय, तुमच्यापैकी कुणाला जमतं का रे सेटिंग करायला?" पोरं एकमेकांकडे बघतात, आणि सगळ्यात लाजाळू असतो त्याला पुढे ढकलतात.