घरात रेंज नाही आणि कॉन्ट्रॅक्ट काही संपत नाही

मोबाइलचं बिल दर महिन्याला न चुकता कापलं जातं, पण घरात रेंज नाही. हॉलमध्ये एखादी दांडी येते-जाते, बेडरूममध्ये तीही नाही, आणि आईचा फोन आला की मी उठून बाल्कनीत पळते कारण आत बसून बोललं तर तिला माझे अर्धेच शब्द कळतात. रस्त्यावर उतरलं की फुल रेंज. म्हणूनच कस्टमर केअरवाले दरवेळी सांगतात की सिस्टीममध्ये तुमच्या भागात नेटवर्क उत्तम दिसतंय मॅडम. दिसत असेलही. कव्हरेजचा नकाशा हा बहुतेकदा कॉम्प्युटरने काढलेला अंदाज असतो आणि तो मुख्यतः घराबाहेरचा असतो, माझ्या भिंतींच्या आत काय होतंय हे त्याला कुठून कळणार?

मग मी दांड्या बघणंच सोडलं. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते, २०१० मध्ये ॲपलने स्वतः मान्य केलं होतं की आयफोनमध्ये दांड्या मोजायचं सूत्रच चुकीचं होतं. खरा आकडा डीबीएममध्ये असतो (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, मायनसचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), अँड्रॉइडला सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीत सापडतो. माझ्या बेडरूममध्ये मायनस ११८ आणि बाल्कनीत मायनस ९२. दर १० आकड्यांमागे ताकद दहापट कमी होते, म्हणजे बाल्कनीतून बेडरूमपर्यंत येईस्तोवर सिग्नल जवळजवळ ४०० पट कमी झालेला असतो! वर अशा ठिकाणी फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त पॉवर वापरतो, त्यामुळे नुसता उशाशी ठेवला तरी बॅटरी उतरते.

भिंती काँक्रीटच्या आहेत, आत लोखंडी सळ्या आहेत, हे मान्य. धातूचा पातळ थर दिलेल्या काचाही सिग्नल अडवतात. पण ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, १८०० च्या वरच्या कमी येतात आणि ३५०० वाल्या ५जीचं तर विचारूच नका, त्यामुळे कुठली कंपनी कुठला बँड (म्हणजे लहरींचा पट्टा) वापरते आणि तिचा टॉवर कुठे आहे यावर खूप काही अवलंबून असतं. बहिणीचं दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच बेडरूममध्ये त्याच वेळी मायनस ९७ दाखवत होतं. तेव्हा सगळा दोष भिंतीवर ढकलू नका.

वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल) करा, असं कस्टमर केअरवाले म्हणाले, ते केलंय, चालतं. (फोन मरतुकड्या सिग्नललाच चिकटून बसला तर एअरप्लेन मोड लावून वायफाय वेगळं चालू करा, बहुतेक वेळा जमतं.) पण लाइट गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की घरातला फोन मुका, आणि रात्री अपरात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर मी बाल्कनीत जाऊन डॉक्टरला फोन लावायचा का? शिवाय वायफायचे पैसे मी वेगळे भरते, मग मोबाइल कंपनी नक्की कशाचे घेते? सिग्नल वाढवणारं बूस्टर यंत्र परस्पर आणून लावू नका, बऱ्याच देशांत परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहे आणि त्याने शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडू शकतं.

कॉन्ट्रॅक्ट मध्येच सोडायचं म्हटलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरा म्हणतात. यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, हँडसेटचे हप्ते आणि सर्व्हिस. हँडसेट मी घेतलाय, त्याचे हप्ते मी शेवटपर्यंत भरणार, त्याबद्दल वादच नाही. पण जी सर्व्हिस घरात पोचतच नाही तिच्यासाठी दंड भरायला मी तयार नाही. आता फोनवर बोलणं बंद केलंय, सगळं लेखी. प्रत्येक खोलीतले आकडे, तारीख-वेळ, स्क्रीनशॉट, आधीच्या तक्रारींचे नंबर, आणि एकच सरळ मागणी, की घरात सिग्नल कधीपर्यंत देणार ते लिहून द्या, नाहीतर सर्व्हिसमधून दंडाशिवाय मोकळं करा. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं तर हीच फाइल घेऊन टेलिकॉम नियामकाकडे जाणार आहे.

आणि तुम्ही नवीन कॉन्ट्रॅक्ट घेत असाल तर सही करायच्या आधी त्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम आणून घरात दार-खिडक्या लावून बघा, जिथे झोपता तिथे तर नक्कीच.