लाल तार नेमकी कोणत्या टोकाची?

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हार्डनिंगच्या (पोलाद तापवून कठीण करण्याच्या) भट्टीचा कंट्रोलर ८६० अंश सेल्सिअस दाखवत होता; बाहेर निघालेले गिअर मात्र तोडून पाहिल्यावर त्यांतले कण इतके भरड दिसत होते, की भट्टी त्याहून बरीच जास्त तापली असणार याविषयी शंका उरत नव्हती. मला बोलावण्यापूर्वीच त्यांनी कंट्रोलर बदलला होता. आपल्याकडे दोष शोधण्याआधी महागडी वस्तू बदलण्याची घाई फार असते.

भट्टी थंड असताना आकडा अगदी बरोबर येई आणि ती तापू लागली की चूक वाढत जाई, म्हणून मी थेट भट्टीतल्या थर्मोकपलपासून, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडीपासून, कंट्रोलरपर्यंत जाणारी केबल पाहिली. थर्मोकपल के प्रकारचा (‘के’ हे त्यातल्या धातूंच्या जोडीचे नाव) आणि अमेरिकी रंगपद्धतीचा होता: पिवळी तार धन, लाल ऋण. केबल मात्र जुन्या जर्मन पद्धतीची, लाल आणि हिरव्या तारांची निघाली, आणि त्या पद्धतीत लाल तार धन असते. फिटरने दोन्ही टोकांना लाल ऋणाकडे जोडली होती. एकाच टोकाला उलटी जोडली असती, तर तापमान वाढताना आकडा उतरला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती. दोन्हीकडे उलटल्यामुळे ती लपली, कारण तेव्हा केबलच्या दोन टोकांमधला तापमानाचा फरक मिळवला जाण्याऐवजी वजा होतो: थर्मोकपलचे हेड (केबल जोडतात ते बाहेरचे टोक) साधारण ६५ अंशांवर आणि वातानुकूलित खोलीतले कंट्रोलरचे पॅनेल २५ अंशांवर, म्हणजे या ४० अंशांच्या फरकाच्या दुप्पट, जवळपास ८० अंश कमी दिसत होते.

खात्रीसाठी मी चुंबक लावला. के प्रकारात ऋण तार चुंबकाला चिकटते. इथे चिकटली ती हिरवी. हीच हिरवी आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत के प्रकाराची धन तार असते आणि ऋण तार पांढरी, त्यामुळे केबल कोणत्या प्रमाणाची आहे हे ठाऊक नसेल तर नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचेच.

दोन्ही टोके बदलताच आकडा जुळला. बाद झालेल्या गिअरचा ठपका मात्र एकट्या फिटरवर ठेवला गेला, हे मला अजूनही पटलेले नाही. लाल म्हणजे ऋण, असेच त्याला शिकवले गेले होते आणि थर्मोकपलच्या बाबतीत ते खरेही होते. भांडारातून ओळखपट्टी नसलेले केबलचे भेंडोळे ज्यांनी त्याच्या हाती दिले, त्यांना कोणी एक प्रश्नही विचारला नाही. माझ्या अहवालात मी हे स्पष्ट लिहिले आहे.